एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत आणि धाप लागते, छातीत धडधडतं. गोळ्या बंद कराव्यात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला, वय ४४, अकरा वर्षांपासून एचआयव्ही आहे, गोळ्या नेमाने घेतो, पण दोन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते आणि छातीत धडधडतं. ही एचआयव्हीची लक्षणं की हृदयाचा त्रास, आणि गोळ्यांमुळे होत असेल तर त्या थांबवाव्यात का, हा तुमचा प्रश्न.

आधी शेवटचं. गोळ्या थांबवू नका, एक दिवससुद्धा नाही. आणि भावाला दोन दिवसांत डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढा. छातीत दाबल्यासारखं झालं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, बसल्या जागी धाप लागली, तर दोन दिवसही थांबू नका, तडक १०८ ला फोन करा.

मी डॉक्टर नाही. एका एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सरकारी केंद्राच्या खिडकीत चौदा वर्षं औषधं देते, दर खेपेला बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजते. डॉक्टरांपुढे जे बोलवत नाही ते लोक त्या खिडकीशी बोलतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

एचआयव्हीची म्हणून जी लक्षणं असतात ती सुरुवातीची. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप येतो, घसा दुखतो, पुरळ उठतं, मानेत-काखेत गाठी येतात. ते आपोआप ओसरतं आणि मग कित्येक वर्षं बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे अकरा वर्षं औषधावर असलेल्या माणसाची धाप ‘त्याच आजाराची असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तिचं कारण वेगळं शोधावं लागतं.

ते कारण हृदयाचं असू शकतं. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण शरीराची लढाई पूर्ण थांबत नाही. आतल्या आत सूज धुमसत राहते, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं आणि चरबीचे थर लवकर जमतात. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीड ते दोन पट धरतात. वर तंबाखू किंवा विडी असेल तर विचारायलाच नको. भाऊ तंबाखू खात असेल तर ती सुटणं ही अर्धी लढाई आहे.

पण कारण दुसरंही असू शकतं. जुन्या रुग्णांपैकी काहींच्या औषधांत झिडोव्हुडीन असायचं. त्याने रक्त कमी होतं, आणि रक्त कमी झालं की हुबेहूब अशीच धाप आणि धडधड होते. हिमोग्लोबिनची साधी तपासणी ते सांगते. आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल, पाय सुजत असतील, बारीक ताप असेल तर टीबीमुळे हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी झालंय का हे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत पाहावं लागतं. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

आता गोळ्यांबद्दल. लोपिनाविर-रिटोनाविरसारख्या काही औषधांनी रक्तातली चरबी वाढते, अबाकाविरचा हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध आढळलाय, हे खरं आहे. पण त्याचा उपाय औषध बदलणं हा आहे, आणि तो निर्णय केंद्रातल्या डॉक्टरांचा. ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांवर ‘स्मार्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला होता. मधूनमधून औषध थांबवलं तर दुष्परिणाम कमी होतील अशी आशा होती. झालं उलटंच. थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले आणि हृदयाचे त्रासही वाढले. २००६ साली ते प्रसिद्ध झालं.

माझ्या डोळ्यांदेखतचं एक सांगते. आमच्याकडचे एक गृहस्थ, रिटोनाविरवर होते. झटका आला, बाहेरच्या दवाखान्यात स्टेंट बसला. तिथे त्यांनी एचआयव्हीचं सांगितलंच नाही. आमच्या बाटल्यांवरची लेबलं त्यांनी आधीच खरवडून टाकली होती, बरेच जण तसं करतात. तिथल्या डॉक्टरांनी ॲटोरवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा एरवी योग्य असलेला ८० मिलिग्रॅमचा डोस दिला. रिटोनाविरमुळे ते औषध रक्तात कितीतरी जास्त साचतं. महिन्याभराने खिडकीशी आले ते भिंत धरून, मांड्यांत इतक्या कळा. नशिबाने वेळेत कळलं, डोस बदलला, सावरले. त्यांचा राग मला कधीच आला नाही. सांगितल्यावर लोक कसे बघतात हे त्यांनी भोगलेलं होतं.

म्हणून भावाला सांगा, हृदयाच्या डॉक्टरांपासून हे लपवू नकोस. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय ही माहिती कुणाला सांगता येत नाही. सोबत एआरटी केंद्राचं हिरवं पुस्तक आणि लेबलासकट बाटली न्या.

अजून एक, छातीत जळजळलं की ‘गॅस झालाय’ म्हणून ॲसिडिटीचं पातळ औषध प्यायची आपली सवय. हल्ली बहुतेकांना डोलुटेग्राविर असलेली एकच गोळी मिळते. ते पातळ औषध सोबत घेतलं तर ती गोळी नीट शोषली जात नाही. गोळी त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. शिवाय ‘गॅस’ कधी कधी गॅस नसतोच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, या गोळीसोबत त्याचा डोस मर्यादित ठेवतात.

डॉक्टरांना स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांबद्दल जरूर विचारा. भारतासह बारा देशांत चाळिशी ओलांडलेल्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांना रोज पिटाव्हास्टॅटिन हे स्टॅटिन किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिलं. त्यांना हृदयविकाराचा धोका फार नव्हता, तरी औषध घेणाऱ्यांत हृदयाच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ मध्ये हे निकाल आले. तुमचा भाऊ त्याच वयाचा आहे.

तो यायला तयार नसेल तर १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर त्याला स्वतःलाच बोलू द्या, फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, चरबी आणि शेवटचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) एवढं हातात आलं, आणि गोळीचं नाव कळलं, की इथे लिहा. औषधांच्या वेळा कशा बसवायच्या ते मी सविस्तर सांगेन.