मोगऱ्याचे आइस्क्रीम कडू का झाले?

गच्चीतल्या मोगऱ्याची ओंजळभर फुले दुधात उकळून तुम्ही आइस्क्रीम केले, त्याला मोगऱ्याचा वास आला नाहीच, वर ते कडवट झाले. तेव्हा फुलांचे आइस्क्रीम घरी खरोखर करता येते का, आणि येत असल्यास बाजारातल्या गजऱ्याची फुले त्याला चालतील का, असे तुम्ही विचारले आहे. करता येते. गेली सात-आठ वर्षे मी दर उन्हाळ्यात ते करते आहे. गजऱ्याविषयी पुढे सांगते.

पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखेच केले होते. अर्धा लिटर दुधात मोगरा टाकून पाच मिनिटे उकळू दिला, आणि झाकण काढल्यावर जी वाफ आली तिला शिजलेल्या पालेभाजीचा वास होता. घरातल्यांनी ते आइस्क्रीम एकेक चमचा खाऊन, काही न बोलता, वाट्या सरकवून ठेवल्या. चूक कुठे झाली ते माठाकडे पाहून लक्षात आले. उन्हाळ्यात आमच्याकडे माठात वाळ्याची जुडी असते आणि निजण्यापूर्वी आई त्यात मोगऱ्याची चार फुले सोडते. सकाळी त्या पाण्याला जो वास असतो तो आच न लावता आलेला असतो. फूल गार पाण्यावर रात्रभर तरंगते, एवढेच. थायलंडमध्येही गोड पदार्थांसाठी लागणारे सुगंधी पाणी मोगऱ्याची फुले रात्रभर पाण्यावर ठेवूनच करतात.

मोगऱ्याच्या वासातली बरीचशी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, स्निग्धांशात मात्र चांगली विरघळतात. दूध उकळले की ती वाफेबरोबर निघून जातात आणि स्वयंपाकघर घमघमते. पातेल्यात उरतो तो पाकळ्यांचा आणि हिरव्या देठांचा कडवटपणा. मलईत गारच भिजवले तर तीच द्रव्ये मलईतल्या स्निग्धांशात मुरतात. म्हणून या आइस्क्रीमचे दूध आधी फुलांशिवाय शिजवावे, पूर्ण गार करावे, आणि मगच फुलांना त्यात सोडावे. बाकीची कृती नेहमीच्या आइस्क्रीमसारखीच आहे.

माझे प्रमाण असे आहे. सहा टक्के स्निग्धांशाचे अर्धा लिटर दूध घ्यावे. त्यातले पाव वाटी गार दूध बाजूला काढून त्यात दहा ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि तीस ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर गुठळी न होऊ देता कालवावी. उरलेल्या दुधात १२० ग्रॅम साखर घालून ते मंद आचेवर तापवावे, उकळी येऊ लागली की कालवलेले मिश्रण ओतून दोन-तीन मिनिटे ढवळत शिजवावे. ते डावाच्या पाठीला चिकटून राहील एवढे दाट झाले की उतरवावे, पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहावे म्हणजे साय धरत नाही, आणि पूर्ण गार झाल्यावर २०० मिलिलिटर फ्रेश क्रीम मिसळावे. बाजारात मिळणाऱ्या या क्रीममध्ये साधारण पंचवीस टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे एकूण मिश्रणात तो नऊ टक्क्यांच्या आसपास येतो आणि साखर चौदा टक्क्यांच्या. साखर याहून फार कमी केली तर आइस्क्रीम दगडासारखे होते. गोडी कमी हवी म्हणून साखर निम्मी करणाऱ्यांना हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी ऐकत नाही.

आता फुले. मोगरा संध्याकाळनंतर उमलतो आणि त्याचा वास उमलतानाच सर्वांत भरात असतो. दिवे लागणीच्या सुमारास, पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या पण अजून मिटलेल्या चाळीस-पन्नास कळ्या खुडाव्यात, अलगद पाण्यातून काढून सुती फडक्यावर पसराव्यात आणि तशाच राहू द्याव्यात. कळ्या लगेच फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो, पण गारठ्यात त्या नीट उमलत नाहीत. रात्री नऊ-दहाच्या सुमारास खोलीत शिरताच वास जाणवू लागला की प्रत्येक फुलाचा हिरवा देठ चिमटीत धरून वरचा पांढरा भाग हलकेच ओढून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण तुमच्या आइस्क्रीममधला निम्मा कडूपणा त्या देठांचाच असणार. ही फुले गार मिश्रणात बुडवून, डब्याला घट्ट झाकण लावून तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी उठल्याबरोबर मिश्रण गाळावे. दुपारपर्यंत थांबले तर पाकळ्या तपकिरी पडतात आणि गवतासारखी चव उतरू लागते.

एका रात्रीत वास येतो, पण बेताचाच. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा करतात तेव्हा कळ्या रात्रभर चहाच्या पानांत ठेवतात, त्या तिथेच उमलतात, नंतर त्या काढून टाकतात आणि उंची चहासाठी हेच पुन्हा ताज्या फुलांनी अनेकदा करतात. मी त्यांचे पाहून दुसऱ्या रात्री त्याच मिश्रणात नवी फुले घालते. दोन रात्रींनंतर मिश्रण चमच्याने चाखावे, आणि वास अंमळ जास्तच झाला असे वाटले तर समजावे की तो बरोबर आहे, कारण गोठल्यावर वास आणि गोडी दोन्ही जिभेला कमी लागतात.

गुलाबाची गोष्ट वेगळी आहे आणि नवख्या माणसाने खरे तर त्याच्यापासून सुरुवात करावी. गुलाबाच्या वासातले एक प्रमुख द्रव्य पाण्यातही बऱ्यापैकी विरघळते आणि सहज उडून जात नाही, म्हणून गुलाबपाणी आणि सरबत साधते, आणि म्हणूनच बेताची ऊबही त्याला सोसते. मात्र गुलाब गावठी हवा, ज्याच्या पाकळ्या हातात घेताच चुरगळतात आणि वास बोटांना लागतो तो. फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा गुलाब दिसायला देखणा असतो, पण त्याला वास जवळजवळ नसतो. चाळीस ग्रॅम पाकळ्या घेऊन त्यांची बुडाची पांढरी टोके कात्रीने काढून टाकावीत, कारण ती कडू असतात, आणि उरलेल्या पाकळ्या वरच्या कृतीतल्या सगळ्या साखरेबरोबर खलबत्त्यात कुटाव्यात. साखर ओलसर आणि जांभळट होते. ती झाकून रात्रभर ठेवली की गुलकंदाची पहिली पायरीच झाली म्हणायची. दुसऱ्या दिवशी दूध साखरेशिवाय शिजवून, बोट बुडवून चटका बसणार नाही इतके निवाले की त्यात ही साखर विरघळवावी, अर्धा तास झाकून गाळावी आणि मग क्रीम घालावे. उन्हात मुरवलेला गुलकंद घरात असेल तर गोठत आलेल्या आइस्क्रीममध्ये त्याचे दोन चमचे शेवटी घालावेत; आधी घातला तर तो तळाशी बसतो.

एक सांगून ठेवते: खऱ्या गुलाबाचे आइस्क्रीम गुलाबी होत नाही. पाकळ्यांमधला लाल रंग आंबट पदार्थात खुलतो आणि दुधात मळकट, राखाडीकडे झुकणारा होतो. पहिल्यांदा ते पाहून मी मिश्रण नासले असे समजून टाकून देणार होते. रंग हवाच असेल तर किसलेल्या बिटाचा रस चमचाभर पुरतो.

बाकी फुलांपैकी गोकर्णाला वास नसतो, पण कोमट दुधात दहा-बारा फुले भिजवली तर फिका निळा रंग येतो आणि मुले खूश होतात. मोगऱ्याच्या आइस्क्रीमला मी कधीकधी तोच देते. केवड्याचे कणीस घरी वापरण्यापेक्षा खाण्याचे केवडापाणी आणावे आणि एवढ्या मिश्रणाला पाऊण चमचा घालावे, त्याहून जास्त घातले तर अत्तर खाल्ल्यासारखे वाटते. अंबाडीची लाल बोंडे दुधात घालू नयेत, त्यांच्या आंबटपणाने दूध फाटते. त्यांचे नुसते पाण्यातले बर्फगोळ्यासारखे आइस्क्रीम छान होते.

गजऱ्याची फुले मात्र वापरू नका. ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात आणि तुमच्या हाती येईपर्यंत त्यांच्यावर कुठकुठले पाणी शिंपडलेले असते. फुले धुतली म्हणजे सगळे जाते असे नाही, आणि वास तर पहिल्यांदा जातो. हाच नियम फुलवाल्याच्या गुलाबाला आणि नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाला. अशा रोपाचा पहिला बहर तसाच जाऊ द्यावा आणि स्वतः वाढवलेला पुढचा बहर वापरावा. तसेच, परसातले प्रत्येक फूल खाण्याचे नसते. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोत्रा आणि कळलावी ही विषारी आहेत, आणि पहिल्या दोघींचे विष थेट हृदयावर परिणाम करते, म्हणून ताटाच्या सजावटीसाठीसुद्धा ती आणू नयेत.

गोठवण्यासाठी माझ्याकडे आजोबांचे लाकडी पॉट आहे. चार किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो जाडे मीठ, थरावर थर. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली वितळू लागतो आणि वितळताना आतल्या डब्यातली उष्णता ओढून घेतो. नुसत्या बर्फात कितीही वेळ हँडल फिरवले तरी आइस्क्रीम होत नाही. १६६० च्या दशकातल्या ॲन फॅन्शॉ या इंग्रज बाईंच्या हस्तलिखित पाककृतीच्या वहीत नारंगीच्या फुलांचे पाणी घातलेली मलई बर्फात पुरून गोठवण्याची कृती आहे, पण त्यात मिठाचा उल्लेखच नाही, म्हणजे लिहिल्याबरहुकूम केली तर ती गोठायची नाही. पॉट वीस-पंचवीस मिनिटे फिरवले की हँडल जड होते आणि तेव्हाच थांबावे. मध्येच झाकण उघडून पाहू नये. एकदा मी पाहिले, खारे पाणी आत गेले आणि दोन रात्रींची फुले मिठात गेली.

पॉट नसेल तर मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि दर पाऊण तासाने बाहेर काढून, कडेचे गोठलेले भाग मध्ये आणत, तीन-चार वेळा चांगले घोटावे. पोत पॉटइतका मऊ येत नाही, पण वासात काही कमी पडत नाही.

झालेले आइस्क्रीम घट्ट झाकणाच्या डब्यात, पृष्ठभागावर बटर पेपर चिकटवून ठेवावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. ज्या स्निग्धांशाने मोगरा ओढून घेतला, तोच शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वासही तितक्याच तत्परतेने ओढतो. म्हणून मिश्रण ज्या दोन रात्री फ्रिजमध्ये मुरत असते, त्या दोन रात्री आमच्या फ्रिजमध्ये कांदा, लसणाची चटणी आणि सुकटीचा डबा यांना प्रवेश नसतो.