कंपनीचा बदली फ्रिज घ्यायचा की पैसे? आणि जुना एक्स्चेंजला द्यावा का?

प्रश्न : मी सांगलीत राहते. ६ मार्च २०२५ रोजी दुकानातून ३१,५०० रुपयांचा दोन दरवाजांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज घेतला. पूर्ण फ्रिजची वॉरंटी एक वर्ष, कंप्रेसरची दहा वर्षे. २१ जूनला कूलिंग गेले, टेक्निशियनने गॅस भरला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच, पुन्हा गॅस. जानेवारी २०२६ मध्ये तिसऱ्यांदा बंद पडला. या वेळी जॉब शीटवर (टेक्निशियन भेटीनंतर देतो तो कागद) ‘व्होल्टेज कमी-जास्त, व्यावसायिक वापर’ असे लिहिले, कारण मी घरून बारा डबे देते. खूप भांडल्यावर कंपनीने दोन पर्याय दिले : घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापून १७,००० रुपये परत, किंवा दुसऱ्या मॉडेलचा फ्रिज, त्यावर उरलेली वॉरंटी. दोन्हींसाठी ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असा फॉर्म भरून द्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, जुना द्या, दुसऱ्या कंपनीचा घ्या, सहा हजार कमी करतो. उन्हाळा तोंडावर आहे. काय करू?

उत्तर : दुकानदाराची ऑफर आज तरी नाकारा. एक्स्चेंजमध्ये फ्रिज गेला की तुमचा पुरावा गेला. दोन दिवसांत तो भंगारात जाईल, आणि पुढे कंपनी म्हणेल की दोष होता हे दाखवायला वस्तूच कुठे आहे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ नुसार, तपासणीशिवाय ठरत नाही असा दोष असेल तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फ्रिजसारख्या अवजड वस्तूसाठी बऱ्याचदा तज्ज्ञ नेमून जागेवर पाहणी होते. त्यासाठी फ्रिज हवा, आणि तोही कुणी यंत्र न खोललेला. गरज म्हणून दुसरा फ्रिज जरूर घ्या, कायद्याची त्याला काहीच आडकाठी नाही. जुना मात्र बंद करून, पुसून, दार थोडे उघडे ठेवून घरातच ठेवा. जागा नसेल तर हलवण्याआधी एखाद्या स्वतंत्र फ्रिज मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या : अनुक्रमांक (सीरियल नंबर), तारीख, काय आढळले, त्याचे नाव आणि सही. कंपनीने ‘वर्कशॉपला नेतो’ म्हटले तर अनुक्रमांक लिहिलेली पोच घेतल्याशिवाय फ्रिज उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका.

आता त्या जॉब शीटकडे वळू. तुमची केस तिथेच आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बळकट आहे.

फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो. चार महिन्यांच्या आत गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती होती. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पुन्हा जाणारच. नीट दुरुस्ती म्हणजे नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणे, सांधा बंद करणे, फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलणे, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढणे आणि मग वजन करून गॅस भरणे. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो सहसा शंभर ग्रॅमपेक्षाही कमी लागतो, म्हणून काट्यावर मोजूनच भरावा लागतो. किती ग्रॅम, हे फ्रिजच्या मागे किंवा आत चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर छापलेले असते. तुमच्या दोन्ही जॉब शीटवर ‘गॅस चार्जिंग’ एवढेच लिहिले असेल, गळती कुठे सापडली आणि कुठे बंद केली याचा उल्लेख नसेल, तर कंपनीच्या माणसाने मूळ दोष दुरुस्त केलाच नाही हे कंपनीचाच कागद सांगतो. वस्तूतला दोष कलम २(१०) मध्ये येतो आणि सेवेतली त्रुटी कलम २(११) मध्ये. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

व्होल्टेजचा मुद्दा याच कसोटीवर टिकत नाही. व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने कंप्रेसरची वाइंडिंग जळते, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जातो. नळीला भोक पडत नाही. ‘व्होल्टेजमुळे गॅस गळाला’ हे कारण लेखी द्या, एवढेच ईमेलवर विचारा. उत्तर आले तरी उपयोगी, न आले तरी उपयोगी. ‘सुरी खुपसून बर्फ काढला असेल’ असा आरोपही पुढे येऊ शकतो. एक दरवाजाच्या डायरेक्ट-कूल फ्रिजमध्ये तो खरा ठरू शकतो, कारण तिथे फ्रीझरच्या भिंतीतच नळ्या असतात. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये कॉइल पॅनेलच्या मागे असते आणि बर्फ हीटरने आपोआप वितळतो. सुरी तिथपर्यंत पोचतच नाही.

‘व्यावसायिक वापर’ हा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्या. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. पहिला, तुम्ही ग्राहक आहात का? कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग (१९९५) प्रकरणात हेच तत्त्व धरले, आणि लीलावती कीर्तीलाल मेहता ट्रस्ट (२०१९) प्रकरणात व्यवहाराचा मुख्य हेतू पाहायला सांगितले. घरचा एकच फ्रिज, त्यात घरची भाजी आणि डब्यांचीही, अशा वेळी तुम्ही ग्राहक आहात यावर मला शंका वाटत नाही. दुसरा प्रश्न वॉरंटीच्या कराराचा. कार्डावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असे असेल तर कंपनी त्या अटीवर बोट ठेवणारच. त्याचे उत्तर असे की नळी गळण्याचा बारा डब्यांशी काही संबंध नाही. दरवाजा जास्त वेळा उघडला तर वीजबिल वाढते, कंप्रेसर जास्त वेळ चालतो, पण गॅस बाहेर जात नाही. ही अट ‘अनुचित करार’ आहे असा मुद्दा तक्रारीत घालण्याचा मोह टाळा. अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातात, आणि जिल्ह्यातले सरळ प्रकरण विनाकारण अडकते.

दोन कागद आधी तपासा. बिल तुमच्या वैयक्तिक नावावर आहे की कुणाच्या फर्मच्या जीएसटी क्रमांकावर? जीएसटी क्रमांक टाकून इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतले असेल तर ग्राहक असल्याचा दावा बराच कमकुवत होतो. आणि डब्यांसाठी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे का? नसेल तर आधी करून घ्या. आयोगात ‘डबे देते’ असे शपथपत्रावर येणार आहे, तेव्हा समोरचा वकील हे विचारल्याशिवाय राहणार नाही.

आता कंपनीचे पर्याय. कलम ३९ आयोगाला दोष दूर करायला लावण्याचा, त्याच वर्णनाची दोषरहित नवी वस्तू द्यायला लावण्याचा किंवा किंमत व्याजासह परत द्यायला लावण्याचा अधिकार देते. शिवाय भरपाई आणि खर्च. त्यात ‘घसारा’ हा शब्द नाही. व्यवहारात आयोग ग्राहकाने वस्तू किती काळ विनातक्रार वापरली हे पाहतो, आणि पाच वर्षे वापरून तक्रार केली तर कपात होऊ शकते. तुमचा फ्रिज साडेतीन महिन्यांत बंद पडला, त्यामुळे १७,००० ही रक्कम मला फार कमी वाटते. पूर्ण किंमत मागा. तडजोडच करायची तर किती खाली यायचे हे तुमच्या संयमावर आहे, पण अर्ध्यावर नको.

बदली फ्रिज घेणे वाईट नाही, फक्त चार गोष्टी लेखी झाल्या पाहिजेत. मॉडेल क्रमांक आणि लिटर, जुन्यापेक्षा कमी नाही. माल नवा आणि सीलबंद. नवा अनुक्रमांक. आणि वॉरंटी पोचवल्याच्या दिवसापासून पुन्हा बारा महिने. शेवटची गोष्ट कायद्याने आपोआप मिळत नाही. बहुतेक वॉरंटी कार्डांवर बदली वस्तूला उरलेलाच काळ लागू असतो, आणि तुमच्या बाबतीत तो ६ मार्च २०२६ ला संपतो. म्हणजे तुमच्या हातात जवळपास वॉरंटीच नसलेला फ्रिज येईल. हीच अट सोडू नका.

फ्रिज आल्यावर गाडीवाल्याच्या कागदावर सही करण्याआधी खोका, फ्रिजची पट्टी आणि चलन या तिन्हींवरचा अनुक्रमांक जुळतो का पाहा, आणि उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. मागच्या पत्र्याच्या स्क्रूंवर पेचकसाच्या खुणा असतील, गॅस भरायच्या नळीचा सांधा नव्याने जोडलेला दिसत असेल, तर थांबा. तोच अनुक्रमांक कंपनीच्या कस्टमर केअरला सांगून त्यावर आधी वॉरंटी नोंद झालेली आहे का विचारा, पाच मिनिटांचे काम आहे. दुरुस्त केलेला जुना माल नवा म्हणून देणे ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुरुस्त केलेला आहे असे सांगून, लिहून दिला तर गोष्ट वेगळी, मग तुम्ही किंमत त्या हिशेबाने ठरवा.

फॉर्मबद्दल. ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांवर सही केलीत तर नंतर आयोगात दार बरेचसे बंद होते. ‘वस्तू मिळाली’ एवढीच पोच द्या. सही करावीच लागली तर सहीच्या शेजारी हाताने लिहा : ‘हक्क राखून, फक्त अनुक्रमांक अमुकचा फ्रिज मिळाल्याबद्दल’, आणि लगेच फोटो काढा. डिलिव्हरीचा मुलगा ‘मॅडम, खोडाखोड चालत नाही’ म्हणेल. कंपनीला त्याच वेळी ईमेल करा की सही कोणत्या परिस्थितीत केली.

हे जमले नाही तर तक्रार. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. तिथे हालचाल झालीच तर आठवड्या-दोन आठवड्यांत होते. मग उत्पादक कंपनी, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर वेगळी संस्था असेल तर तीही, यांना १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, पोच नोंदीसह पाठवा. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण आयोगाला ती पाहायला आवडते. दुकानदाराला वगळू नका. ‘मी फक्त विकले’ म्हणून तो हात झटकतो, पण पैसे त्याने घेतले आहेत.

तक्रार सांगली जिल्हा आयोगातच करता येते. कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करण्याचा हक्क आहे, कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी. कोणता आयोग हे ठरवताना धरायची ती तुम्ही दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नाही. ३१,५०० रुपयांसाठी जिल्हा आयोग (मर्यादा ५० लाख), आणि पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, वकील लागत नाही. जोडायचे कागद : बिल, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू, तिन्ही जॉब शीट, ईमेल आणि मेसेज तारखेसह, पट्टीचा फोटो, नोटीस आणि तिची पोच, शपथपत्र. टेक्निशियनने जॉब शीट दिली नसेल तर कंपनीकडे कॉल क्रमांक देऊन मागा. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, ते गृहीत धरूनच तडजोडीचा आकडा ठरवा. नासलेल्या मालाची भरपाई मागताना किराण्याची बिले किंवा त्या दिवशीचे फोटो असतील तेवढेच मागा. पन्नास हजार ‘मानसिक त्रास’ लिहून मागणारे अर्ज रोज येतात, आणि त्यांतून हाती पाच-दहा हजार पडतात.

दरम्यान जो नवा फ्रिज घ्याल तो आधी सर्व्हिससाठी निवडा, रंगासाठी नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे का, की कोल्हापूरहून माणूस येतो, हे दुकानात नव्हे, सेंटरला फोन करून विचारा. ‘घरून डबे देते, वॉरंटी लागू आहे ना’ हे ईमेलवर विचारून उत्तर ठेवा. नकार आला तर निदान कळले. बर्फ हाताने काढायला हरकत नसेल तर डायरेक्ट-कूलमध्ये पंखा, डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवणारा) हीटर, सेन्सर सहसा नसतात, बिघडायला कमी जागा असते. मात्र डब्यांसाठी जागा कमी पडेल. ‘स्टॅबिलायझर लागत नाही’ ही ग्वाही पट्टीवर किंवा माहितीपत्रात छापलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेपुरतीच असते. तुमच्याकडे संध्याकाळी त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर लावा आणि त्याचेही बिल ठेवा. एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज चालवू नका, टेक्निशियन ते पहिले लिहितो. एक्स्टेंडेड वॉरंटी घेत असाल तर ती कंपनीची की तिसऱ्याच संस्थेची, आणि गॅस चार्जिंग व गळती तीत आहे का, एवढे वाचा. दहा वर्षांच्या कंप्रेसर वॉरंटीत गॅस, मजुरी आणि कॉइल सहसा नसते. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक दोन्ही लिहून घ्या.

मुदतीचे तेवढे लक्षात ठेवा. कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. कारण कधी घडले यावर वाद होऊ शकतो, म्हणून पहिल्या बिघाडापासून, म्हणजे २१ जून २०२५ पासून धरा आणि २० जून २०२७ च्या आत दाखल करा. कंपनीशी चाललेला ईमेलचा पत्रव्यवहार किंवा १९१५ वरची नोंद ही मुदत थांबवत नाही.