ठरवले होते चार तास, लागले पाच तास अकरा मिनिटं

"मावशी, मी नाशिकची, वय ४१. मुंबई मॅरेथॉनसाठी सहा महिने पहाटे उठून सराव केला. सुरुवातीपासूनच अंग चिकचिकत होतं. अर्धं अंतर १ तास ५८ मिनिटांत झालं आणि मग सगळं कोसळलं. परतताना पेडर रोडच्या चढावर मी रडत चालत होते. आमच्या रनिंग ग्रुपवर उन्हाचा त्रास झाला म्हटलं, तर एकाने लिहिलं, 'जानेवारीत कसलं ऊन?' तेव्हापासून बूट घातलेले नाहीत. मी कमी पडले की सबबी सांगतेय? फेब्रुवारीअखेर दुसरी मॅरेथॉन आहे, तिथे वचपा काढू का?"

बाळा, या सबबी नाहीत. तू सराव केलास तो नाशिकच्या हवेत, शेवटचे महिने तर कोरड्या थंडीत. मुंबईची पहाट त्याच दिवसांत कितीतरी उबदार आणि दमट असते, नऊनंतर तर ऊन चटके देतं. घाम वाळला तरच अंग निवतं. दमट हवेत तो नुसता निथळतो. मग हृदयाला पायांना रक्त पुरवायचं आणि अंग थंड ठेवायला कातडीकडेही पाठवायचं, अशी दोन्ही कामं ओढावी लागतात. ठोके चढत जातात. पहिल्या तासात सोपा वाटलेला वेग तिसऱ्या तासात झेपत नाही.

२०१९ मध्ये कतारमधल्या दोहा इथे झालेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत उन्हामुळे महिलांची मॅरेथॉन मध्यरात्रीच्या सुमारास सुरू केली होती. तरी पारा तिशीपार आणि हवा दमटच. ६८ जणी धावल्या, ४० पोहोचल्या. जिंकलेल्या रूथ चेपंगेटिचला २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद लागले. त्याच वर्षी दुबईत ती २ तास १७ मिनिटांत धावली होती. जगज्जेतीची पंधरा मिनिटं जातात, तिथे तुझी का जाऊ नयेत?

पण एक सांगायलाच हवं. सुरुवातीलाच अंग चिकचिकत होतं, तरी तू नाशिकमध्ये ठरवलेला वेग सोडला नाहीस. चूक झाली ती इथे, आणि ती सुधारता येते. चढावर तू चाललीस हे मात्र अगदी योग्य केलंस. गरगरत असताना रेटत राहिलेली माणसं उष्माघाताने कोसळतात, काही जिवाला मुकतात.

वाईट वाटतंय ते वाटू दे. सहा महिन्यांची पहाट गेली, त्याचं दुःख दोन दिवसांत कसं सरेल? ग्रुपवर कुणालाही हिशेब द्यायला तू बांधील नाहीस. बूट घाल, पण घड्याळ घरी ठेव आणि गोदाकाठी मैत्रिणीशी गप्पा मारत धाव. लघवी अजून गडद होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

पुढच्या वेळी मुंबईआधीचे दोनेक आठवडे थोडा सराव उन्हं वर आल्यावर, सावकाश कर. शरीर तेवढ्या दिवसांत बऱ्यापैकी सरावतं. शर्यतीत नुसतं पाणी ढोसू नकोस, मीठही पोटात जायला हवं. आणि पहिले दहा किलोमीटर घड्याळापेक्षा श्वासाचं ऐक.

वचपा मात्र नको. फेब्रुवारी सरताना दुपारचं ऊन तापू लागतं आणि तुझे स्नायू अजून सावरलेले नाहीत. पैसे भरले असशील तर नोंदणी दहा किलोमीटरची करून मिळते का, ते आयोजकांना आजच विचार.