थंडीत सकाळी डिझेल गाडी हादरत चालू होते, पांढरा धूर सोडते. चारही इंजेक्टर बदलावेत का?

दादा, इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: यावलला घरासमोर उघड्यावर उभी राहणारी सात सीटर डिझेल गाडी, दीड लाखाच्या आसपास रनिंग. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. लागली की मिनिटभर हादरते, मागून पांढरा धूर, त्याला डिझेलचा वास. नंतर दिवसभर काही तक्रार नाही. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) गेले, आबा म्हणतात टाकीत लिटरभर रॉकेल ओता.

आबांना आधी थांबवा. डिझेल गोठतं ते लडाखात. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल काढलं. आपल्याकडे सातपुड्याकडून वारा सुटला आणि पारा आठ-दहावर आला, तर केळीवाल्यांची झोप उडते, डिझेलला काही होत नाही. रॉकेलने मात्र हाय प्रेशर पंपाची वाट लागते, कारण त्या पंपाला वंगण मिळतं तेच मुळी डिझेलमधून.

मेकॅनिकचा वेगळाच प्रश्न आहे. तुमच्या गाडीचा दोष सकाळी सहाला असतो आणि सव्वासहाला नसतो. तुम्ही गाडी चालवत जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला नेता, तोवर इंजिन गरम. त्याने जे पाहिलंच नाही त्याचा तो अंदाज सांगतोय. म्हणून एक तर गाडी रात्रीच त्याच्याकडे सोडा, नाहीतर पुढचं सगळं पहाटे घरीच बघा. एका सकाळी एकच गोष्ट करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

माझा पहिला संशय हिटर प्लगवर आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. इंजिन गार असलं की तो ताप लोखंडच शोषून घेतं. ती कसर हिटर प्लग भरून काढतो, प्रत्येक सिलिंडरला एक. त्यातले एक-दोन मेले की तेवढ्या सिलिंडरमधलं डिझेल न जळता धूर होऊन बाहेर पडतं आणि इंजिन तापेपर्यंत गाडी मिसिंग करते. तुमची लक्षणं हीच आहेत. आता हे डिसेंबरातच का दिसलं? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा गाडी प्लगशिवायही लागते. म्हणजे प्लग उन्हाळ्यातच गेले असतील आणि तुम्हाला पत्ता नसेल. डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा लागून विझतो यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो फक्त वेळ झाल्याचं सांगतो, प्लग तापल्याचं नाही.

उद्या सकाळी एवढंच करा: चावी ऑन, कॉइलचा दिवा विझू द्या, चावी बंद. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी नेहमीपेक्षा चांगली लागली तर प्लगकडेच बघायचं.

पक्कं करायला टेस्ट लॅम्प पुरतो. प्लगवरची वायर काढा, लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक प्लगच्या डोक्याला टेकवा. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर आतली कॉइल तुटलेली. बॅटरीची थेट वायर प्लगला लावून ‘लाल होतो का’ बघू नका, काही नव्या गाड्यांचे प्लग १२ व्होल्टचे नसतात. सगळे प्लग जिवंत निघाले तर काढलेल्या वायरीत करंट येतो का ते गार इंजिनावर चावी ऑन करून बघा. येत नसेल तर रिले किंवा मोठा फ्यूज.

प्लग काढण्याचं काम मात्र घाईचं नाही. जुना प्लग हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, जाम बसलेला असतो. जोर लावला की टोक आत तुटतं, मग हेड उतरवण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारायचं, इंजिन कोमट करायचं आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे. अडला तर थांबायचं. जो मेकॅनिक ‘दोन मिनिटांत काढतो’ म्हणेल त्याला मी तरी गाडी देणार नाही.

प्लग ठीक असतील तर बॅटरी. मीटर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली बसत असेल तर बॅटरी थकलीय किंवा इंजिनाची अर्थिंग गंजलीय. आपला उन्हाळा बॅटरी पोखरतो, ती मान टाकते थंडीत.

नंतर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. फिल्टरजवळ हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) असेल तर सेल्फ मारण्याआधी तो कडक होईपर्यंत दाबा. तेवढ्याने गाडी झटकन लागली तर रात्रीत डिझेल मागे उतरतंय, पाइप-क्लिप आणि फिल्टरचं सील बघा. फिल्टरमधलं पाणीही त्याच वेळी सोडून द्या.

स्कॅनर लावाल तर तोही गार इंजिनाला. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. कूलंट एकटाच ४०-५० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन गरमच आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) प्लग पुरेसे तापवत नाही.

इंजेक्टर यानंतर. तेही आधी रिटर्न टेस्ट करून. प्रत्येकाच्या रिटर्न पाइपला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या पाइपला, बाटली लावतात. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा जास्त भरते, तोच दोषी. चारही बदला म्हणणाऱ्याकडे आधी या बाटल्या मागा.

एक अपवाद. धुराला डिझेलऐवजी गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. मग वरचं काही करत बसू नका, गाडी लांब न्यायचीही नाही.