वाचकांचे प्रश्न : सभागृह, रांग आणि घड्याळ

प्रश्न : आमच्या वितरकांचा एक दिवसाचा मेळावा आहे. सभागृहाच्या माहितीपत्रकात क्षमता ३०० दिली आहे. आमचे पाहुणे १८०. प्रत्येकाला लिहायला टेबल द्यायचं आहे. जागा पुरेल ना?

उत्तर : बहुधा पुरणार नाही. माहितीपत्रकातला आकडा सहसा नुसत्या खुर्च्या रांगेत मांडल्या तरचा असतो. तशा मांडणीत माणशी ८ ते १० चौरस फूट लागतात. गोल टेबलांना १२ ते १५ आणि लिहायच्या टेबलांना १६ ते १८. आता मांडून बघा : ३०० खुर्च्यांना ९ च्या हिशोबाने २,७०० चौरस फूट होतात, आणि टेबलांसह १८० जणांना १७ च्या हिशोबाने ३,०६०. व्यासपीठ, ध्वनियंत्रणेचं टेबल आणि कॅमेरा यांची जागा अजून धरलेलीच नाही.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी मोजमापांसह नकाशा मागा. त्यावर खांब, दारं, विजेचे पॉइंट आणि छताची उंची दाखवलेली हवी. छताकडे फार कमी लोक बघतात आणि तिथेच फसतात. स्लाइडवरचा मजकूर शेवटच्या रांगेतून वाचता यावा यासाठी पडद्यावरच्या चित्राची उंची त्या रांगेच्या अंतराच्या निदान एक षष्ठांश हवी. शेवटची रांग ६० फुटांवर असेल तर चित्र १० फूट उंच. खालची कड जमिनीपासून चारेक फूट वर घ्यावी लागते, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे शेवटच्या ओळी झाकल्या जातात. म्हणजे छत किमान १४ फूट हवं, आणि मध्ये झुंबर नको. छत ठेंगणं असेल तर सभागृहाच्या मध्यावर दोन्ही बाजूंना आणखी एकेक पडदा लावा. स्लाइडवर अक्षर मोठं करून भागेल, या भरवशावर राहू नका. वक्ते ते करत नाहीत.

प्रश्न : गेल्या वेळी नोंदणीच्या टेबलावर एवढी गर्दी झाली की उद्घाटन लांबलं. या वेळी तिथे माणसं वाढवावीत का?

उत्तर : आधी काम कमी करा, मग माणसं मोजा. १८० पैकी १२० जण शेवटच्या वीस मिनिटांत आले असं धरू. नाव शोधणं, सही, बॅज, पिशवी यांत माणशी ४० सेकंद गेले तर एका टेबलावर वीस मिनिटांत ३० जण होतात, म्हणजे चार टेबलं लागतील. पिशव्या आधीच खुर्च्यांवर ठेवल्या आणि सही काढून टाकून यादीत नुसती खूण केली, तर वेळ २० सेकंदांवर येतो आणि दोन टेबलांत काम भागतं.

यादीची विभागणी अक्षरांची संख्या बघून करू नका, नावांची संख्या बघून करा, कारण काही अक्षरांवर नावांचा ढीग असतो. पहिलं नाव की आडनाव, हे फलकावर ठळक लिहा, आणि फलक डोक्याच्या वर लावा. टेबलाला चिकटवलेला कागद रांगेतल्या दहाव्या माणसाला दिसत नाही. यादीत नाव नसलेले, नाव चुकलेले, पैसे बाकी असलेले यांच्यासाठी बाजूला एक टेबल हवंच. असा एकच माणूस अडला की मागची सगळी रांग अडते. बॅज दोन्ही बाजूंनी छापा. गळ्यातली दोरी फिरते आणि कोरी बाजू पुढे येते.

प्रश्न : वक्ते वेळ पाळत नाहीत. काय करावं?

उत्तर : आधी तुमचं वेळापत्रक तपासा. वीस मिनिटांच्या भाषणाला वीसच मिनिटं दिली असतील तर चूक वक्त्याची नाही. परिचय, माइक लावणं, दोन प्रश्न, टाळ्या धरून त्याला तीस मिनिटं लागतात. चार वक्ते पाच-पाच मिनिटं जास्त बोलले की जेवण वीस मिनिटं पुढे जातं. त्यामुळे दुपारनंतरचा कोणता भाग गरज पडल्यास छाटायचा ते आधीच ठरवा आणि सूत्रसंचालकाला सांगून ठेवा. व्यासपीठासमोर उलटी मोजणी करणारं घड्याळ हवं. पहिल्या रांगेत ‘५’ आणि ‘१’ ची कार्डं दाखवणारा माणूस बसवा, आणि तो तिथे असेल हे वक्त्यांना आदल्या दिवशी कळवा.

बराच वेळ लॅपटॉप बदलण्यातही जातो. सगळ्यांच्या स्लाइड आदल्या दिवशी घेऊन एकाच लॅपटॉपवर चढवा आणि प्रत्येकीची पीडीएफ प्रत ठेवा, कारण दुसऱ्या लॅपटॉपवर फाँट नसला की मांडणी विस्कटते. व्हिडिओ त्याच लॅपटॉपवर उतरवून, आवाजासकट वाजवून बघा. दूरस्थ वक्ता असेल तर वायरचं इंटरनेट घ्या. सभागृहाचं वायफाय रिकाम्या खोलीत छान चालतं, १८० फोन जोडले गेले की रखडतं.

प्रश्न : अंदाजपत्रकात दहा टक्के जास्तीचे ठेवले आहेत. पुरतील का?

उत्तर : नेहमीच्या बाबी सुटल्या नसतील तर पुरावेत. सुटतात त्या अशा : मांडणीसाठी आदल्या रात्रीचं भाडं, आवराआवरीचे तास, तंत्रज्ञांचा जादा वेळ, कर, सामानाची वाहतूक. जेवणाच्या करारात बहुतेकदा किमान ताटसंख्या असते आणि माणसं कमी आली तरी तेवढ्यांचे पैसे द्यावे लागतात. ती संख्या कोणत्या तारखेपर्यंत कमी करता येईल, हे लेखी घ्या. त्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी पाहुण्यांना फोन करून पुन्हा विचारा.