नकाशा वाचू लागणाऱ्यांसाठी
नकाशा हाती आला की ठिकाणांची नावे शोधण्याआधी त्यावरील चिन्हांची सूची, उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाण पाहावे. १:५०,००० या प्रमाणात नकाशावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर, हे पक्के असल्यास अंतराचा अंदाज सहसा चुकत नाही. स्थान सांगताना आधी अक्षांश, मग रेखांश लिहावेत आणि दिशेचा उल्लेख कधीही गाळू नये, कारण नुसते २०° अक्षांश म्हटल्यास उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशी दोन अक्षवृत्ते संभवतात. १° अक्षांशाचे अंतर सर्वत्र सुमारे १११ किलोमीटर भरते. रेखांशाचे मात्र विषुववृत्तावर जवळपास तेवढेच असले तरी ६०° अक्षवृत्तावर निम्मे होते (येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो). समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दाटीने दिसल्यास तेथील उतार तीव्र समजावा.