प्रश्न तुमचे : घोणस

प्रश्न : कडब्याच्या गंजीलगत एक घोणस दोन दिवस एकाच जागी वेटोळे घालून पडली आहे. माणसे जवळून गेली तरी हलत नाही. आजारी असेल का?

उत्तर : नाही, शिकारीला बसली आहे. घोणस भक्ष्यामागे धावत नाही. उंदरांची जाण्यायेण्याची वाट हेरते, तिच्या कडेला मान नागमोडी आखडून बसते आणि उंदीर टप्प्यात येईपर्यंत थांबते. एरवी टाळूला मिटलेले लांब दात झेप घेताना पुढे उघडतात. दंश करून ती उंदराला लगेच सोडते, कारण धरून ठेवला तर तोच तिला चावेल. थोड्या अंतरावर मरून पडलेल्या उंदराचा माग ती जिभेने काढते.

हीच सवय माणसाला नडते. धामण पावलांची चाहूल लागताच सटकते, घोणस मात्र पाचोळ्यात मिसळणाऱ्या नक्षीच्या भरवशावर पडून राहते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार प्रसिद्ध आहे, पण दर वेळी ती इशारा देईलच असे नाही. म्हणून कडबा आधी लांब काठीने हलवा, थेट हात घालू नका. रात्री बॅटरी आणि घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच. सर्पमित्राला बोलवा. सांडलेले धान्य उचलले नाही, तर उंदीर राहतील आणि दुसरी घोणस येईल.

प्रश्न : हे अजगराचे पिल्लू तर नसेल?

उत्तर : याच गैरसमजातून लोक घोणस उचलतात! तिच्या पाठीवर काळ्या काठाच्या लांबट ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात. अजगराचे चट्टे वेडेवाकडे, लहानमोठे. बिनविषारी डुरक्या घोणशीचे चट्टेही तसेच, शेपूट आखूड. घोणस अंडी न घालता एका वेळी साधारण २० ते ४० पिल्ले देते. वीतभर पिल्लूही जन्मतःच विषारी असते.

प्रश्न : चावल्यावर वर घट्ट बांधावे का?

उत्तर : मुळीच नाही. या विषाने रक्त गोठेनासे होते, त्यामुळे चीर दिली तर रक्त थांबत नाही. आवळून बांधले तर तिथले मांस सडण्याचा धोका वाढतो. अंगठी, पैंजण काढा, अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे सुमारे २ मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, तर प्रतिविष लगेच सुरू होते. साबणाने धुतलेल्या नळीत निकाल चुकतो. लघवी कमी किंवा लाल झाली तर डॉक्टरांना तत्काळ सांगा, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. साप मारून नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच आहे.